कायदा आला, सुरी थांबली नाही

‘श्रद्धा आणि शब्द’ : लेखांक सातवा

मागच्या लेखांकात १८६० च्या दंड संहितेतल्या धर्मविषयक कलमांची ओळख करून घेतली. प्रार्थनास्थळाची विटंबना, धार्मिक सभेत व्यत्यय, दफनभूमीत घुसखोरी आणि एखाद्याला ऐकू जाईल असे मुद्दाम टोचून बोलणे, एवढेच गुन्हे त्या प्रकरणात होते. छापील मजकुराबद्दल तिथे अक्षरही नव्हते. ही जागा १९२७ मध्ये भरली गेली. ती भरावी असे सरकारला का वाटले हे समजल्याशिवाय आज भारत, पाकिस्तान आणि बांगलादेश या तिन्ही देशांत ‘भावना दुखावल्या’ या फिर्यादीला एवढे वजन कुठून आले ते उलगडत नाही. म्हणून या आठवड्यात आपण लाहोरला जाऊ.

‘रंगीला रसूल’ नावाची पुस्तिका १९२४ मध्ये लाहोरचे प्रकाशक महाशय राजपाल यांनी काढली. दिल्लीतली ‘राजपाल अँड सन्स’ ही हिंदीतली प्रसिद्ध प्रकाशनसंस्था त्यांचीच. पुस्तिकेवर लेखकाचे नाव नव्हते. ती आर्य समाजी पंडित चमूपती यांनी लिहिली होती. पैगंबरांच्या वैवाहिक आयुष्यावर तिच्यात हीन पातळीवरची टीका होती. हिंदू धर्मात परत आणणारी शुद्धी आणि इस्लामचा प्रसार करणारी तबलीग या मोहिमा एकमेकींना भिडल्याचा तो काळ, आणि दुसऱ्याच्या पूज्य व्यक्तींवर चिखलफेक करणारी पत्रके पंजाबात दोन्हीकडून निघत होती. राजपाल यांच्यावर कलम १५३ अ खाली, म्हणजे समाजांत वैर पसरवल्याबद्दल, खटला चालला. खालच्या कोर्टाने शिक्षा दिली, अपिलात ती कमी झाली, आणि मे १९२७ मध्ये लाहोर उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती दलीप सिंग यांनी त्यांना निर्दोष सोडले. पुस्तिकेची त्यांनी भलामण केली नाही. तिचा सूर त्यांनी निंद्यच मानला. मात्र आज हयात असलेल्या समाजाविरुद्ध वैर पेटवणाऱ्याला आवरणे हे १५३ अ चे काम आहे, दिवंगत धर्मपुरुषावरची टीका, मग ती कितीही अभद्र असो, त्यात बसत नाही, असा अर्थ त्यांनी लावला. निकालावर गहजब उडाला. न्यायमूर्तींच्या राजीनाम्याची मागणी छापणाऱ्या ‘मुस्लिम आउटलुक’च्या संपादकाला व प्रकाशकाला न्यायालयाच्या बेअदबीबद्दल तुरुंगात जावे लागले. लवकरच दुसऱ्या एका प्रकरणात त्याच न्यायालयाच्या खंडपीठाने १५३ अ चा उलट अर्थ लावला, म्हणजे जुना कायदाही पुरेसा ठरला असता. तरीही सप्टेंबर १९२७ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळाने कलम २९५ अ मंजूर केले: बुद्धिपुरस्सर आणि दुष्ट हेतूने एखाद्या वर्गाच्या धर्माचा किंवा धर्मश्रद्धांचा अपमान करणे हा गुन्हा. प्रवर समितीवर असलेल्या जिनांनी, इतिहासाचे संशोधन करणाऱ्यांना आणि धर्माची प्रामाणिक चिकित्सा करणाऱ्यांना संरक्षण राहिले पाहिजे, असे सभागृहात बजावून सांगितले होते.

या कायद्यामागचे गृहीतक साधे होते. लोकांचा संताप अनावर झाला आहे. सरकारने अपमान करणाऱ्याला शिक्षा केली तर कोणी कायदा हातात घेणार नाही. आता घटनांचा क्रम पाहा. कायदा संमत झाला त्याच सुमारास, सप्टेंबर आणि ऑक्टोबरमध्ये, राजपाल यांच्या दुकानावर दोनदा हल्ले झाले. ६ एप्रिल १९२९ रोजी इल्मुद्दीन नावाच्या सुतारकाम करणाऱ्या तरुणाने त्यांना दुकानातच भोसकून ठार केले. तेव्हा २९५ अ कायद्याच्या पुस्तकात येऊन दीड वर्ष झाले होते. जी हिंसा टाळण्यासाठी कायदा केला ती टळली नाही. इतकेच नव्हे, पुस्तिका काढणे हा खरोखरच शिक्षेला पात्र गुन्हा होता आणि राजपाल त्यातून निसटले, असे सरकारने स्वतःच कायद्याच्या भाषेत कबूल केल्यासारखे झाले. ज्याला शासन व्हायला हवे होते आणि झाले नाही, त्याला शासन मी करतो, ही इल्मुद्दीनची समजूत वेडसर नव्हती. कायद्याच्या तर्काचेच ते पुढचे पाऊल होते. माझे म्हणणे हेच आहे. धर्माच्या अपमानाबद्दल शिक्षा देणारा कायदा संतापाला बांध घालत नाही, तो संतापाला हक्काचे रूप देतो. आणि हक्क म्हटला की तो न मिळाल्यावर वसूल करणारे पुढे येतात.

इल्मुद्दीनच्या अपिलात लाहोर उच्च न्यायालयापुढे जिनाच उभे राहिले. साक्षीपुराव्यावर त्यांनी हल्ला केला, आणि आरोपी कोवळ्या वयाचा असून आपल्या धर्मसंस्थापकाबद्दलच्या भक्तीने तो भडकला होता, हेही शिक्षा सौम्य व्हावी म्हणून मांडले. न्यायालयाने ते मानले नाही. ‘भडकावल्यामुळे झाले’ हा बचाव आजही प्रत्येक अशा खुनानंतर ऐकू येतो, म्हणून तो नीट तपासला पाहिजे. गंभीर आणि आकस्मिक प्रक्षोभ ही सवलत फौजदारी कायद्यात आहे, पण तिचा गाभा ‘आकस्मिक’ या अटीत आहे: भान हरपले, आणि ते परत येण्याआधी हात चालला. पुस्तिका १९२४ ची, खून १९२९ चा, आणि सुरी विकणारा दुकानदार साक्षीला आलेला. पाच वर्षे जुन्या मजकुरासाठी बाजारात जाऊन हत्यार निवडणाऱ्या माणसाचे भान हरपलेले नसते. त्याने निर्णय घेतलेला असतो. शब्द आणि खून यांच्यामध्ये हा निर्णय उभा असतो, आणि त्याची जबाबदारी लिहिणाऱ्यावर काडीइतकीही ढकलता येत नाही. ३१ ऑक्टोबर १९२९ रोजी मियांवालीच्या तुरुंगात इल्मुद्दीनला फाशी झाली. नंतर लोकांच्या आग्रहामुळे मृतदेह उकरून लाहोरला आणला गेला, मोठा जनाजा निघून त्याचे दफन झाले, आणि मियानी साहिब कबरस्तानातली ‘गाझी’ इल्मुद्दीनची कबर आजही लोकांच्या श्रद्धेचे ठिकाण आहे.

फाळणीनंतर दोन्ही देशांना एकच कलम वारशात मिळाले, आणि पाकिस्तानने त्याचे पुढे काय केले हा जणू या गृहीतकाचा मोठा प्रयोगच म्हणावा लागेल. शिक्षा वाढवली तर हिंसा कमी व्हायला हवी होती. झिया उल हक यांच्या काळात १९८२ मध्ये कुराणाच्या विटंबनेला जन्मठेप आली, १९८४ मध्ये अहमदियांविरुद्धची कलमे आली, १९८६ मध्ये २९५ क खाली पैगंबरांच्या अपमानाला मृत्युदंड किंवा जन्मठेप आली, आणि १९९० मध्ये संघीय शरियत न्यायालयाने जन्मठेपेचा पर्यायही काढून टाकला. पूर्वी क्वचित होणाऱ्या फिर्यादी त्यानंतर हजाराच्या पुढे गेल्या. या कलमाखाली पाकिस्तान सरकारने आजवर एकालाही फाशी दिलेली नाही. जे मेले ते जमावाच्या, शेजाऱ्याच्या, कैद्याच्या किंवा पहारेकऱ्याच्या हातून मेले. मशिदीच्या भिंतीवर अपमानकारक मजकूर लिहिल्याचा आरोप असलेल्या, लिहिता-वाचता न येणाऱ्या दोन ख्रिस्ती आरोपींना १९९५ मध्ये लाहोर उच्च न्यायालयाने सोडले. त्यांचा तिसरा सहआरोपी आदल्या वर्षीच कोर्टाबाहेर गोळ्या घालून मारला गेला होता. आणि निकाल देणाऱ्या न्यायमूर्तींपैकी आरिफ इकबाल भट्टी यांचा १९९७ मध्ये खून झाला.

आसिया बीबी यांचे प्रकरण जगाला ठाऊक आहे, पण त्याची सुरुवात किती क्षुल्लक होती ते विसरले जाते. जून २००९, पंजाबातले इट्टनवाली गाव, फालसे तोडणाऱ्या मजूर बायका, आणि ख्रिस्ती बाईने आणलेले पाणी प्यायचे की नाही यावरून भांडण. फिर्याद नोंदली गेली पाच दिवसांनी. त्यावर फाशीची शिक्षा झाली, उच्च न्यायालयाने ती कायम केली, आणि साक्षी परस्परविरोधी असल्याचे दाखवून सर्वोच्च न्यायालयाने त्यांना मुक्त केले ते ऑक्टोबर २०१८ मध्ये. या काळात पंजाबचे राज्यपाल सलमान तासीर यांनी त्यांची बाजू घेतली, कायद्यात बदल मागितला, आणि ४ जानेवारी २०११ रोजी त्यांच्याच अंगरक्षकाने इस्लामाबादमध्ये त्यांना गोळ्या घातल्या. दोन महिन्यांत केंद्रीय मंत्री शाहबाझ भट्टी मारले गेले. तासीर यांनी पैगंबरांबद्दल अवाक्षरही काढले नव्हते. कायद्यावरची टीका म्हणजे धर्मनिंदा नव्हे, हे पाकिस्तानच्या सर्वोच्च न्यायालयाने मारेकऱ्याची शिक्षा कायम करताना २०१५ मध्ये स्पष्ट केले. तरी मारेकरी कोर्टात आला तेव्हा काही वकिलांनी त्याच्यावर गुलाबपाकळ्या उधळल्या होत्या. पावित्र्य कसे पसरत जाते पाहा: आधी पैगंबर, मग त्यांच्या नावाने केलेला कायदा, मग त्या कायद्यावर प्रश्न विचारणारा, मग आरोपीचे वकीलपत्र घेणारा. मुलतानचे वकील रशीद रहमान २०१४ मध्ये याच कारणासाठी मारले गेले. आणि २०१७ मध्ये मर्दानच्या विद्यापीठात मशाल खान या विद्यार्थ्याला जमावाने मारले, तेव्हा चौकशी पथकाला धर्मनिंदेचा पुरावा मिळाला नाही. तो विद्यापीठाच्या कारभारावर टीका करत होता आणि त्याचा काटा काढण्याचा बेत आधीच ठरला होता, असे पथकाने नोंदवले. आरोपच एवढा धारदार असेल तर तो कोणाच्याही हातात कोणाच्याही विरुद्ध चालतो.

यावर एक आक्षेप गंभीरपणे घेतला पाहिजे, कारण तो प्रामाणिक माणसे घेतात. श्रद्धा ही केवळ मत नसते. माणूस तिच्यात वाढतो, तिच्या आधारावर मरणाला सामोरा जातो. तिची टवाळी झाली की जखम खरी असते, आणि अल्पसंख्य समाजाच्या बाबतीत त्या टवाळीमागे अनेकदा त्याला हुसकावण्याचा डाव असतो. हे सगळे खरे आहे. ‘शब्दच तर आहेत’ असे म्हणून ती जखम झटकून टाकणाऱ्यांशी माझे पटत नाही. पण यावरचे उत्तर दलीप सिंग यांच्या निकालातच आहे, आणि तो निकाल अधिक आदराने वाचायला हवा होता असे मला वाटते. हयात माणसांचे संरक्षण आणि श्रद्धेच्या प्रतिष्ठेचे संरक्षण या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. एखाद्या समाजाला ठोका, त्याच्या दुकानांवर बहिष्कार टाका, त्यांना वस्तीतून घालवा, असे सांगणाऱ्याला कठोर शिक्षा झालीच पाहिजे. तिथे शब्द आणि हिंसा यांत निर्णयाला जागाच ठेवलेली नसते. ग्रंथ, देव, प्रेषित यांच्यावरची टीका मात्र, ओंगळ असली तरी, प्रतिवादाने, निषेधाने, दुर्लक्षाने उत्तर देण्याची गोष्ट आहे.

दुसरा आक्षेप शांततेचा. आपला समाज ज्वालाग्राही आहे, कलम काढले तर दंगली पेटतील. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये रामजीलाल मोदी खटल्यात २९५ अ वैध ठरवले ते सार्वजनिक सुव्यवस्थेच्याच आधारावर. या युक्तिवादातली अडचण अशी की तो अपमानाचे वजन दंगलीच्या शक्यतेने मोजतो. मग ज्या समाजाला रस्त्यावर गर्दी आणता येते त्याच्या भावना जड, आणि जो निमूट सोसतो त्याच्या हलक्या. साहजिकच प्रत्येक समाजातल्या पुढाऱ्यांना आपला समाज लवकर भडकतो हे दाखवण्यात रस निर्माण होतो. भारतातल्या पंजाबात गुरू ग्रंथ साहिबच्या विटंबनेच्या घटनांनंतर २०१८ मध्ये विधानसभेने धर्मग्रंथांच्या विटंबनेला जन्मठेपेची तरतूद करणारे विधेयक मंजूर केले. तीन वर्षांनी कपूरथळ्यातल्या गुरुद्वाऱ्यात विटंबनेच्या संशयावरून एका माणसाला जमावाने मारले, आणि विटंबना झालीच नव्हती असे पोलिसांनी सांगितले. कोणताही धर्म यात वेगळा नाही. २०२२ मध्ये अमरावतीत एका औषधविक्रेत्याचा समाजमाध्यमावरच्या मजकुरामुळे खून झाल्याचे तपास यंत्रणेचे म्हणणे आहे. त्याआधी २०१३ मध्ये पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांना गोळ्या घातल्या गेल्या. त्यांचा जादूटोणाविरोधी कायदा धर्मविरोधी असल्याचा प्रचार वर्षानुवर्षे झाला होता.

महाराष्ट्राने या प्रश्नाकडे पाहताना १९२७ हे साल आणखी एका कारणासाठी आठवायला हवे. २० मार्चला महाडला चवदार तळ्याचे पाणी अस्पृश्यांनी प्यायले. आता हे वीरेश्वराच्या देवळात शिरणार, अशी अफवा उठली, आणि सत्याग्रहींवर लाठ्या चालल्या. मारणाऱ्यांच्या भावना खरोखरच दुखावल्या होत्या. नंतर त्यांनी तळ्याचे शुद्धीकरणही केले. तिकडे सप्टेंबरमध्ये २९५ अ आले आणि २५ डिसेंबरला महाडलाच डॉ. आंबेडकरांच्या उपस्थितीत मनुस्मृती जाळण्यात आली. दहनाचा ठराव मांडणारे गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे स्वतः ब्राह्मण होते. लाहोरची पुस्तिका आणि महाडचे दहन यांची योग्यता एक नाही, हे सांगायला नको. एक चिखलफेक होती, दुसरी माणूसपणाची मागणी. पण दुखावलेल्या माणसाला विचारून हा फरक ठरवता येत नाही, कारण त्याच्या दृष्टीने दोन्ही सारखेच असह्य. १८७३ ची ‘गुलामगिरी’ अवतारकथांवर ज्या भाषेत तुटून पडते ती भाषा आज कोणी नव्याने वापरली तर फिर्याद किती तासांत होईल? आंबेडकरांचे ‘रिडल्स इन हिंदुइझम’ महाराष्ट्र सरकारने १९८७ मध्ये प्रसिद्ध केले तेव्हा राम-कृष्णांवरचे परिशिष्ट गाळण्यासाठी मुंबईत मोर्चे निघाले, उलट मोर्चेही निघाले, आणि अखेर सरकार या मतांशी सहमत असेलच असे नाही, अशी टीप घालून मजकूर कायम राहिला. तो राहिला, कारण त्याच्या बाजूनेही लाखभर पावले रस्त्यावर आली. एकट्या लेखकाला असे पाठबळ कुठून मिळणार?

२९५ अ आता भारतीय न्याय संहितेत कलम २९९ म्हणून आले आहे; शिक्षा १९६१ पासून तीन वर्षे आहे तीच. दुष्ट हेतूची अट कागदावर कायम आहे, पण ती तपासली जाते खटल्याच्या शेवटी. अटक सुरुवातीलाच होते, कारण गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. कलम रद्द होईपर्यंत निदान एवढे तरी व्हावे: हेतूचा प्राथमिक पुरावा दंडाधिकाऱ्यापुढे आल्याशिवाय अटक नको, आणि धमकी आलेल्या लेखकाकडे पोलीस गेले तर पुस्तक मागे घेण्याचा सल्ला द्यायला नको, पहारा द्यायला जावेत. दाभोलकर खटल्यात २०२४ मध्ये दोघा मारेकऱ्यांना जन्मठेप झाली. कट रचल्याचा आरोप असलेले पुराव्याअभावी सुटले, आणि न्यायालयाने तपासातल्या त्रुटींवर बोट ठेवले. जवळजवळ अकरा वर्षांनी निकाल लागलेल्या त्या प्रकरणाच्या तपासाकडे पुढच्या लेखांकात पाहू.