विमानविद्येचा शिक्षक होण्यास लागणारा खर्च

विमान चालविण्याची हौस पुष्कळांस असते. परंतु ती विद्या दुसऱ्यास शिकविण्याचा अधिकार मिळविण्यास किती द्रव्य व किती श्रम वेंचावे लागतात, याची कल्पना थोड्यांसच असते. आपल्याकडील कित्येक तरुण या शिक्षणासाठीं अमेरिकेस जातात; म्हणून तेथील पद्धतीचा विचार येथें करूं.

या मार्गाच्या मुख्य पायऱ्या चार. पहिली खाजगी वैमानिकाची. तीस सामान्य नियमाप्रमाणें निदान ४० तासांचें उड्डाण लागतें. दुसरी, ढगांतून केवळ उपकरणांवर विसंबून विमान हांकण्याची. तिसरी व्यावसायिक वैमानिकाची. तीस एकंदर २५० तास लागतात. विशेष मान्यता असलेल्या शाळेंत मात्र १९० तासांत भागतें. चौथी पायरी शिक्षकाची. येथें उमेदवारास उजव्या आसनावरून विमान हांकावें लागतें व गिरक्या घेत कोसळणारें विमान सांवरण्याची विद्या प्रत्यक्ष शिकावी लागते. त्यांतील एक लेखी परीक्षा केवळ अध्यापनकलेची असते. तेथील सातव्या इयत्तेच्या वा पुढील वर्गांस शिकविण्याची सरकारी सनद ज्याच्यापाशीं आहे, त्यास तिची माफी असते.

आतां खर्च वाढतो कशानें तें पाहूं. सेसना १७२ हें चार आसनांचें लहान विमान ताशीं सुमारें ३० लिटर पेट्रोल खातें. भाड्यानें शिकविण्याच्या विमानाची दर १०० तासांनीं तपासणी करावी लागते. सुमारें २,००० तासांनीं इंजिन पूर्ण उकलून दुरुस्त करावें लागतें. हा सर्व बोजा तासाच्या भाड्यांत येतो. उदाहरणार्थ, ताशीं भाडें १५० डॉलर धरलें, तर २५० तासांचे ३७,५०० डॉलर झाले. शिक्षकाचें वेतन, परीक्षकाची फी व राहण्याजेवण्याचा खर्च निराळाच.

शिवाय हे तास किमान होत. पैसे संपल्यामुळें मध्येंच खंड पडला, तर हाताची संवय मोडते व जुने धडे पुन्हां विकत घ्यावे लागतात.

मग इतके करून लोक शिक्षक कां होतात? फेब्रुवारी २००९ मध्यें बफेलोजवळ विमान पडून ५० माणसें दगावलीं. त्यानंतर २०१० साली कायदा झाला, व २०१३ पासून प्रवासी कंपनीच्या सहवैमानिकासही सामान्यतः १,५०० तासांचा अनुभव आवश्यक ठरला. २५० पासून १,५०० पर्यंतची वाट स्वतःच्या पैशानें चालणें बहुतेकांस अशक्य. शिक्षक होणारास मात्र तीच वाट चालतांना वेतन मिळतें. परंतु हवा बिघडली कीं उड्डाण बंद, आणि उड्डाण बंद तर बहुधा मिळकतही बंद. शिवाय परदेशी विद्यार्थ्यास तेथें नोकरीची मुभा मिळणें व्हिसाच्या प्रकारावर अवलंबून असतें. आणि स्वदेशी परतल्यावर येथील परीक्षा देऊन भारतीय परवाना घ्यावा लागतो.

म्हणून पालकांस विनंति अशी कीं, शेत किंवा घर गहाण टाकण्यापूर्वीं मुलाची वैद्यकीय तपासणी आधीं करून घ्यावी. हा खर्च सर्वांत लहान, पण पुढील सर्व खर्च त्यावर अवलंबून. सर्व फी एकदम भरूं नये, व परताव्याची अट लेखी घ्यावी. २००८ साली अमेरिकेंतील हेलिकॉप्टर शिकविणारी एक मोठी संस्था एकाएकीं बंद पडली, आणि विद्यार्थ्यांच्या माथीं कर्ज तेवढें उरलें. विद्यार्थीमित्रहो, आकाशाची ओढ जरूर असूं द्या. मात्र उड्डाणापूर्वीं इंधन मोजणें हा वैमानिकाचा पहिला नियम घरींही पाळा.