फुंकर मारली की पार्किन्सन कळतो?

गैरसमज : ‘आता यंत्रात फुंकर मारली की पार्किन्सन कळतो, न्यूरॉलॉजिस्टची गरज नाही.’

वस्तुस्थिती : हे वाक्य इतक्यांदा आणि इतक्या ठामपणे ऐकू येतं की आता राग येतो. संशोधन खरं आहे, त्यातून काढलेला निष्कर्ष खोटा आहे.

इस्राएलमधल्या टेक्निऑन संस्थेत होसाम हाइक यांच्या गटाने श्वास तपासणारे सेन्सर बनवले. सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांवर सेंद्रिय रेणूंचा थर असतो. श्वासातले वायुरूप रेणू त्यात शिरले की थर किंचित फुगतो, कणांमधलं अंतर वाढतं आणि विद्युतरोध बदलतो. अनेक सेन्सरांच्या अशा बदलांचा मिळून होणारा नमुना संगणक ओळखायला शिकतो. ‘एसीएस नॅनो’ नियतकालिकात २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात १,४०४ माणसं आणि १७ आजार होते. त्यांत पार्किन्सन आणि मल्टिपल स्क्लेरोसिसही. अचूकता ८६ टक्के.

घोटाळा इथेच होतो. त्या अभ्यासातल्या रुग्णांचं निदान आधीच झालेलं होतं. सरसकट तपासणीचं गणित निराळं असतं. साठीपुढच्या साधारण शंभरात एकाला पार्किन्सन असतो. समजा, रुग्ण आणि निरोगी, दोघांनाही ८५ टक्के वेळा बरोबर ओळखणाऱ्या यंत्राने अशा १,००० जणांना तपासलं. १० रुग्णांपैकी आठ-नऊ सापडतील; पण ९९० निरोगी माणसांपैकी सुमारे १५० जणांवरही पार्किन्सनचा शिक्का बसेल. म्हणजे शिक्का बसलेल्या दर अठरा जणांत सतरा निरोगी! त्यांच्या घरात उडणाऱ्या घबराटीची जबाबदारी कोण घेणार?

शिवाय श्वासात जेवण, सिगारेट, आतड्यातले जीवाणू, खोलीतली हवा, सगळ्यांच्या खुणा असतात. रुग्ण औषधंही घेत असतो. मग यंत्राने आजार ओळखला की औषध, हे आधी सिद्ध करावं लागतं.

पार्किन्सनचं निदान आजही मुख्यतः तपासणीतून होतं. न्यूरॉलॉजिस्ट अंगठ्यावर तर्जनी भराभर आपटायला सांगतात आणि हालचाल मंद, लहान होत जाते का ते पाहतात. सोबत स्नायूंचा ताठरपणा किंवा हात स्वस्थ असताना येणारा कंप आहे का, हेही. साधा एमआरआय बहुधा दुसरी कारणं वगळण्यापुरताच उपयोगी पडतो. सोपी, खात्रीची चाचणी नाही, म्हणूनच श्वासाच्या संशोधनाचं मोल मोठं आहे.

आणखी काही गैरसमज, थोडक्यात :

‘पोलिसांचं दारू तपासणारं यंत्रही असंच.’ नाही. ते इथेनॉल हा एकच पदार्थ मोजतं.

‘तोंडाला वास येतो, म्हणजे मेंदूत बिघाड.’ कारण बहुतेक वेळा हिरड्या, दात किंवा जिभेवरचा थर. दंतवैद्य गाठा.

‘स्कॉटलंडच्या जॉय मिल्न यांनी श्वासावरून पार्किन्सन ओळखला.’ त्यांना जाणवलेला वास त्वचेवरच्या तेलकट स्रावाचा होता.

‘एमआयटीचं यंत्रही वास घेतं.’ त्यांची २०२२ सालची पद्धत झोपेतल्या श्वासाची लय तपासते, वास नव्हे.

आजार सुरू होताना, औषधं सुरू होण्याआधी, वेगवेगळ्या देशांतल्या हजारो लोकांवर हे सेन्सर खरे उतरले, तर त्यांचं स्वागतच करू. तोवर हात कापत असेल, अक्षर बारीक होत चाललं असेल, चालताना एक हात हलेनासा झाला असेल, तर यंत्राची वाट पाहू नका; न्यूरॉलॉजिस्टकडे जा.