समुद्र नाही, पण चामुंडी आहे!
म्हैसूरच्या मैदानावरचं गोल्फ

गोल्फ म्हटलं की डोळ्यांसमोर येतो समुद्राकाठचा उंच कडा, खाली फुटणाऱ्या लाटा आणि वर हिरवंगार मैदान. कॅलिफोर्नियातलं पेबल बीच हे १९१९ साली सुरू झालेलं मैदान अगदी असंच आहे. तिथला सातवा होल जेमतेम १०६ यार्डांचा, तरी भल्याभल्यांना घाम फोडतो. कारण समुद्रावरचा वारा! वारा पडलेला असेल तर हलका फटका पुरतो. समोरून सुटला तर तेवढ्याच अंतरासाठी बराच जोर लावावा लागतो.

क्रिकेटची खेळपट्टी कुठेही जा, २२ यार्डांचीच. गोल्फचं मैदान मात्र त्या त्या गावच्या जमिनीसारखं. म्हणून प्रत्येक ठिकाणी खेळ नवा.

म्हैसूरला समुद्र नाही. इथे रेसकोर्सला लागून जयचामराज वाडियार गोल्फ क्लबचं मैदान आहे. म्हैसूरच्या शेवटच्या महाराजांचं नाव त्याला दिलेलं आहे. लाटांच्या जागी इथे समोर उभी असते चामुंडीची टेकडी. हजार पायऱ्यांची वाट आणि वाटेतला भला मोठा नंदी यांसाठी आपण जिला ओळखतो, तीच ही टेकडी.

मोठा फटका, छोटा फटका

असा देखावा समोर असला की चेंडू जोरात, लांबवर मारावासा वाटतो. पण गोल्फचा हिशेब गमतीचा आहे. अडीचशे यार्डांचा जोरदार फटकाही एकच मोजतात आणि होलच्या तोंडाशी चेंडू हळूच ढकलला तर तोही एकच! होलची रुंदी फक्त सव्वाचार इंच. सामने बहुतेकदा तिथेच जिंकले आणि हरले जातात.

बंगळूरच्या अदिती अशोकचंच बघा. फार लांब फटके मारणाऱ्यांत तिची गणना होत नाही; होलजवळचा अचूक खेळ हे तिचं बळ. त्या जोरावर २०२१ साली झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये तिने चौथा क्रमांक मिळवला. ब्राँझपदक अवघ्या एका फटक्याने हुकलं. तेव्हा तिची बॅग सांभाळायला, म्हणजे कॅडी म्हणून, सोबत होती तिची आई!

२०२३मध्ये हांगचौच्या आशियाई स्पर्धेत अदितीने रौप्यपदक पटकावलं. त्या भारतीय संघात तिच्यासोबत म्हैसूरची प्रणवी उर्सही होती.

पाहायला गेलात तर

गोल्फचा सामना पाहायचा योग आला तर मुलांना दोन गोष्टी आधी सांगा. खेळाडू फटक्याच्या तयारीत असताना बोलायचं नाही आणि मोबाइल आवाज बंद करून ठेवायचा. मग चेंडू आकाशात कुठवर गेला हे जरूर पाहा. पण खरी मजा होलपाशी आहे. शेवटच्या तीन फुटांवर खेळाडू किती वेळ घेतो, गवताचा उतार कसा न्याहाळतो, तिकडे लक्ष ठेवा. चामुंडीकडे पाहायला नंतरही वेळ मिळतो!