फुफ्फुसाचा तुकडा तपासायचा म्हणजे काय?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

छातीच्या विकारांचा डॉक्टर म्हणून एक वाक्य मला वरचेवर बोलावं लागतं : ‘फुफ्फुसाचा छोटासा तुकडा काढून तपासावा लागेल.’ ते ऐकल्यावर रुग्ण सहसा गप्प होतो. बरोबर आलेला मुलगा किंवा सून थोड्या वेळानं मला बाहेर गाठते आणि हळू आवाजात विचारते, ‘डॉक्टर, म्हणजे कॅन्सरच ना?’

श्रोतेहो, आधी हीच गोष्ट स्पष्ट करतो. तुकडा तपासणं, म्हणजे बायोप्सी करणं, याचा अर्थ कॅन्सर झाला असा नाही. छातीचा फोटो काय किंवा सीटी स्कॅन काय, दोन्हींत आपल्याला दिसते ती आतल्या भागाची सावली. क्षयाची गाठ, कॅन्सरची गाठ, बुरशीचा संसर्ग, सार्कॉइडसारखा आजार, जुन्या न्यूमोनियाचा व्रण, या सगळ्यांची सावली कधीकधी इतकी सारखी असते की अनुभवी डॉक्टरही नुसतं बघून खात्रीनं सांगू शकत नाही. मग त्या जागेच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहाव्या लागतात.

आपल्याकडे याला आणखी एक कारण आहे. जगातल्या क्षयरुग्णांपैकी जवळजवळ पाव हिस्सा भारतात आहे. त्यामुळे फोटोत डाग दिसला, खोकला आहे, वजन उतरलंय, की क्षयाच्या गोळ्या सुरू करून बघू, असा विचार सहज होतो. पुष्कळदा तो बरोबरही ठरतो. पण तो कॅन्सर असेल तर गोळ्या घेण्यात तीन-चार महिने निघून जातात, आणि ऑपरेशनने काढता आली असती अशी गाठ तोवर हाताबाहेर गेलेली असते. याच्या उलटही होतं. कॅन्सर समजून घर हवालदिल झालेलं असतं आणि तुकड्यात निघतो क्षय, सहा महिन्यांच्या औषधानं बरा होणारा. निदान पक्कं करण्याची एवढी घाई का, ते यावरून लक्षात येईल.

मात्र प्रत्येक डागाला बायोप्सी लागत नाही. आधी बेडक्याची तपासणी करावी. त्यात क्षयाचे जंतू सापडले तर बहुतेक वेळा सुई लावायचं कारणच उरत नाही. गाठ पाच-सहा मिलिमीटरहून लहान असेल तर बहुधा ठरावीक काळानं पुन्हा सीटी काढून ती वाढते का हे पाहिलं जातं. जुने फोटो घरात असतील तर ते जरूर आणावेत. दहा वर्षांपूर्वीच्या फोटोत तोच डाग तेवढाच असेल, तर चिंता बरीच कमी होते. म्हणून डॉक्टरांना पहिला प्रश्न विचारावा : ‘या तपासणीच्या निकालानं माझ्या उपचारात काय फरक पडेल?’ याचं सरळ उत्तर मिळालं पाहिजे.

तुकडा काढण्याचे मुख्य मार्ग तीन. पहिला दुर्बिणीचा. पूर्वी यासाठी धातूची ताठ नळी घशातून घालावी लागे. १९६०च्या दशकात जपानचे डॉक्टर शिगेतो इकेदा यांनी लवचीक दुर्बीण विकसित केली आणि ही तपासणी पुष्कळ सुसह्य झाली. नाकातून किंवा तोंडातून बारीक नळी श्वासनलिकेत नेतात. घसा औषधानं बधिर करतात आणि गुंगीचं औषध देतात. खोकला येतो, पण श्वास चालू राहतो, गुदमरत नाही. गाठ श्वासनलिकेच्या जवळ असेल तर हा मार्ग सोयीचा. आता काही दुर्बिणींच्या टोकाशी सोनोग्राफीची सोय असते. तिच्या मदतीनं छातीच्या मध्यभागी असलेल्या लसिका-गाठींतूनही सुईनं नमुना घेता येतो.

दुसरा मार्ग सीटीच्या मदतीनं बाहेरून सुई घालण्याचा. गाठ छातीच्या भिंतीजवळ असेल तर हा बरा. जागा बधिर करून, सीटीत पाहत पाहत सुई गाठीपर्यंत नेतात. ‘श्वास रोखा’ म्हटल्यावर रोखायचा आणि त्या वेळी हलायचं नाही, एवढंच रुग्णाचं काम. खोकल्याची उबळ येतेय असं वाटलं तर आधी सांगावं.

तिसरा मार्ग ऑपरेशनचा. पूर्ण भूल देऊन, छातीला दोन-तीन लहान छिद्रं पाडून कॅमेऱ्याच्या मदतीनं मोठा तुकडा काढतात. फुफ्फुसं सर्वत्र जाड व ताठर होत जाण्याच्या काही आजारांत लहान तुकड्यानं भागत नाही, तेव्हा हा विचार होतो. यासाठी काही दिवस रुग्णालयात राहावं लागतं.

आता धोक्याविषयी. बाहेरून सुई घातल्यावर फुफ्फुसातली हवा गळून छातीच्या पोकळीत साठू शकते. शंभरातल्या साधारण पंधरा ते पंचवीस जणांना असं होतं. त्यातल्या बहुतेकांना नुसतं निरीक्षणाखाली ठेवलं की पुरतं. शंभरातल्या पाचेक जणांना ती हवा काढण्यासाठी छातीत नळी घालावी लागते. वर्षानुवर्षं धूम्रपान करून फुफ्फुसं फुगलेली असतील तर हा धोका वाढतो. दुर्बिणीच्या तपासणीत तो बराच कमी असतो. दुसरा धोका रक्तस्रावाचा. थुंकीत एक-दोन दिवस रक्ताची रेघ दिसणं नेहमीचं आहे, मोठा रक्तस्राव क्वचित होतो.

‘सुई लावली की गाठ पसरते’ हे मी इतक्यांदा ऐकलंय की त्याबद्दल बोलायलाच हवं. सुईच्या वाटेवर कॅन्सरच्या पेशी रुजल्याची उदाहरणं वैद्यकशास्त्रात नोंदलेली आहेत, पण फुफ्फुसाच्या बाबतीत ती हजारात एकाहूनही कमी आहेत. या भीतीनं तपासणी टाळली, तर गाठ मात्र आपली वाढत राहते.

तपासणीआधी काही गोष्टी डॉक्टरांना न विचारताही सांगाव्यात. अ‍ॅस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारी इतर गोळी चालू आहे का, हे सर्वांत महत्त्वाचं. अशी गोळी स्वतःच्या मनानं बंदही करू नये, कारण हृदयात स्टेंट असेल तर तेही जिवावर बेतू शकतं. मधुमेहाच्या गोळ्या-इन्सुलिन, औषधांची अ‍ॅलर्जी, गरोदरपण, हेही सांगावं. उपाशी किती तास राहायचं ते विचारून घ्यावं आणि चहासुद्धा त्यात धरावा! दुर्बिणीनंतर घशाची बधिरता जाईपर्यंत, साधारण दोन तास, पाण्याचा घोटही घेऊ नये. तो श्वासनलिकेत जाऊ शकतो. त्या दिवशी गाडी चालवू नये, सोबत कोणीतरी असावं. घरी गेल्यावर एकाएकी दम लागला, छातीत कळ आली, रेघेऐवजी नुसतं रक्त पडू लागलं किंवा ताप टिकून राहिला, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावं. आणि विमानप्रवास ठरला असेल तर आधी डॉक्टरांना विचारावं.

आपल्याकडे अनेक ठिकाणी नमुन्याची बाटली नातेवाइकांच्याच हातात देऊन प्रयोगशाळेत पाठवतात. म्हणून हे लक्षात ठेवा. पेशी पाहण्यासाठीचा तुकडा फॉर्मालिनमध्ये ठेवतात. पण फॉर्मालिनमध्ये जंतू मरतात. क्षयाचे जंतू वाढवून पाहायचे असतील तर वेगळा तुकडा सलाईनमध्ये पाठवावा लागतो. ‘क्षयासाठी वेगळी बाटली आहे ना?’ एवढं विचारलं तर कोणी रागावणार नाही. बाटलीवरचं नावही वाचून घ्यावं.

अहवालाला काही दिवस लागतात. क्षयाची जनुकीय चाचणी काही तासांत होते, पण जंतू वाढवण्याच्या चाचणीला सहा आठवडेही लागू शकतात. कॅन्सर निघाला तर त्याच तुकड्यावर पुढच्या जनुकीय चाचण्या होतात आणि कोणतं औषध लागू पडेल ते त्यावरून ठरतं. अहवालात ‘कॅन्सरच्या पेशी आढळल्या नाहीत’ असं असेल, तर लगेच पेढे वाटू नयेत. सुई नेमकी गाठीत पोचली होती का, नमुना पुरेसा होता का, हे विचारावं. शंका राहिली तर पुन्हा तपासणी करावी लागते, आणि त्यात पहिल्या डॉक्टरचा दोष असतोच असं नाही. तुकड्याचा मेणात बसवलेला ठोकळा आणि काचपट्ट्या प्रयोगशाळेत असतात. दुसऱ्या तज्ज्ञाचं मत हवं असेल, मुंबईच्या टाटा मेमोरियलसारख्या ठिकाणी जायचं असेल, तर त्या मागून न्याव्यात.

शेवटी एक नाजूक गोष्ट. ‘बाबांना काही सांगू नका, ते खचतील,’ असं मुलं मला सांगतात. त्यामागची माया मला कळते. पण सुई बाबांच्या छातीत जाणार असते आणि संमतिपत्रावर सही त्यांची असते. कशासाठी, काय धोका, नको म्हटलं तर काय, हे कळल्याशिवाय त्या सहीला अर्थ नाही. माझा अनुभव असा की सत्तरी ओलांडलेली माणसंही हे नीट ऐकून घेतात, दोन प्रश्न विचारतात आणि मग शांतपणे टेबलावर झोपतात. घरातल्यांच्या कुजबुजीवरून त्यांनी निम्मं ओळखलेलंच असतं. उरलेलं निम्मं त्यांना घरच्यांसमोर डॉक्टरांनीच सांगावं, आणि प्रश्न विचारायला पुरेसा वेळ द्यावा.