पापनाशमची कचेरी

तंजावराहून कुंभकोणमकडे जाणाऱ्या रस्त्यावर, कावेरीचे फाटे भाताच्या खाचरांना पाणी वाटीत जेथे पूर्वेकडे सरकतात त्या सुपीक टापूत, पापनाशम हे तालुक्याचे गाव लागते. एकशे आठ शिवलिंगांचे देवालय आणि जवळच तिरुप्पालैतुरै येथील मंदिराच्या आवारात नायक राजांच्या अमदानीत बांधलेले विटांचे प्रचंड वर्तुळाकार धान्यकोठार ही येथील पाहण्याजोगी स्थळे होत. परंतु तामिळ मुलखात या गावाचे नाव घराघरांत पोचले ते देवालयामुळे नव्हे आणि कोठारामुळेही नव्हे, तर येथे काही काळ राहिलेल्या एका भजनी माणसाने ते आपल्या नावापुढे लावले म्हणून. ‘कचेरी’ हा शब्द आपल्याकडे मामलेदाराच्या दप्तरापाशीच थांबला. तामिळ भाषेत मात्र गायनाच्या मैफिलीलाही कचेरीच म्हणतात. पापनाशमच्या या दुसऱ्या कचेरीत जी गीतरचनेची कला नांदली, तिचा परिचय मराठी वाचकाला करून द्यावा, असे फार दिवस मनात होते.

हा भजनी माणूस म्हणजे पापनाशम शिवन. त्यांचे मूळ नाव रामय्या. तंजावर जिल्ह्यातील पोळगम या खेड्यात 1890 साली त्यांचा जन्म झाला. बालपणीच पितृछत्र हरपल्यामुळे माता त्यांना घेऊन त्रावणकोरास गेली आणि तिरुवनंतपुरमच्या संस्कृत पाठशाळेत त्यांचे व्याकरणाध्ययन झाले. 1910 साली मातेचाही वियोग झाल्यावर हा तरुण क्षेत्रोक्षेत्री भजने गात हिंडू लागला व अखेर पापनाशम येथे बंधूंच्या आश्रयास आला. सर्वांगास भस्म फासून देहभान विसरून गाणारी ती मूर्ती पाहून भाविकांनी त्यांना ‘शिवन’ म्हटले, आणि तेच नाव पुढे रूढ झाले.

या भजनाच्या परंपरेत आपलाही वाटा आहे, हे येथे सांगितलेच पाहिजे. व्यंकोजी राजांनी सतराव्या शतकात तंजावरास भोसल्यांचे राज्य स्थापिले आणि ते 1855 पर्यंत टिकले. त्या अवधीत महाराष्ट्रातून गेलेल्या हरिदासांनी तेथे कीर्तनाचा पाया घातला. तंजावरचे कृष्ण भागवतर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्या मराठी कीर्तनास कर्नाटक संगीताची जोड देऊन जी हरिकथा उभारली, तीत साकी, दिंडी, ओवी, अभंग हे आपले छंद तामिळ श्रोत्यांच्या कानांवर पडत राहिले. मेरुस्वामी नावाचे तंजावरचे मराठी कीर्तनकार तर त्रावणकोरच्या स्वाती तिरुनाळ महाराजांच्या दरबारी मान्यता पावले, आणि त्यांच्याच सहवासात महाराजांनी कुचेलोपाख्यान रचले. कुचेल म्हणजे आपला सुदामा. पुढे 1936 साली ‘भक्त कुचेल’ या बोलपटात ही भूमिका ज्यांनी केली, ते स्वतः शिवनच होते. गोष्ट मंदिरातून पडद्यावर गेली, तरी गाणारा भजनीच राहिला.

आणि त्यांचा पडद्याशी पहिला संबंध आला तो आपल्या ‘प्रभात’मुळे! 1934 साली प्रभातने बाबूराव पेंढारकर यांच्या दिग्दर्शनाखाली ‘सीता कल्याणम्’ हा तामिळ बोलपट काढला. त्यात शिवन यांचे शिष्य एस. राजम राम झाले, राजम यांची सख्खी बहीण सीता झाली व वडील जनक झाले. त्यातील गीतांपासून शिवन यांचे चित्रपटजीवन सुरू झाले. महाराष्ट्रात प्रभातविषयी इतके लिहिले जाते. तेथे या प्रकरणास चार ओळीही क्वचितच मिळाव्यात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

आता प्रत्यक्ष कलेकडे वळू. त्या काळी तामिळ नाटकांत व बोलपटांत लोकप्रिय चाली उचलून त्यांवर शब्द बसविण्याची चाल सरसकट होती. शिवन यांच्या उत्तम रचनांत मात्र शब्द आणि स्वर एकाच श्वासातून निघालेले जाणवतात. पल्लवी म्हणजे आपले ध्रुपद, अनुपल्लवी म्हणजे तिला उचलून धरणारा दुवा आणि चरण म्हणजे अंतरा, ही कृतीची त्रिविध बांधणी त्यांनी ध्वनिमुद्रिकेच्या एका बाजूस, म्हणजे जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांत, कोठेही कोंबल्यासारखी न वाटू देता बसविली. तामिळ न जाणणाऱ्यासही या गीतांत एक गोष्ट तत्काळ ऐकू येते. आपले यमक ओळीच्या शेवटी येते. तामिळ पद्यात मात्र ओळीओळीचे दुसरे अक्षर जुळविण्याचा प्रघात आहे, त्यास ‘एदुगै’ म्हणतात. त्यामुळे प्रत्येक ओळ उंबरठा ओलांडतानाच ओळखीची खूण देते आणि शेवट मोकळा राहून स्वराच्या स्वाधीन होतो. मी या गीतांच्या मोहात पडलो तो अर्थ कळण्याच्या कितीतरी आधी, याच खुणेमुळे.

या शब्दांना कंठ लाभला तो मायवरमच्या एम. के. त्यागराज भागवतर यांचा. उंच पट्टी, निर्भर आवाज आणि पडद्यावरही मैफिलीसारखा मोकळेपणा अशा या गायकनटाचे स्थान मराठी रसिकाने बालगंधर्वांच्या शेजारी कल्पावे. या दोघांच्या बोलपटांपैकी ‘शिवकवि’ 1943 सालचा. आणि पुढल्या वर्षीच्या दिवाळीस ‘हरिदास’ प्रदर्शित झाला. मंगळूरकडील सुंदरराव नाडकर्णी हे त्याचे दिग्दर्शक. मातापित्यांना छळणारा पुत्र पश्चात्तापाने त्यांच्या सेवेत इतका गढून जातो की, साक्षात भगवंतास दाराशी तिष्ठत राहावे लागते, हे कथानक ऐकून ज्याच्या डोळ्यांपुढे विटेवरची मूर्ती उभी राहणार नाही असा मराठी माणूस विरळा. मद्रासच्या ब्रॉडवे चित्रपटगृहात हा बोलपट शंभराहून अधिक आठवडे चालला व त्याने तीन दिवाळ्या पाहिल्या. त्यांतील बहुतेक काळ भागवतर एका खुनाच्या खटल्यात तुरुंगात होते. प्रिव्ही कौन्सिलपर्यंत प्रकरण जाऊन 1947 साली त्यांची निर्दोष सुटका झाली. नायक बंदिवासात आणि त्याचा आवाज मात्र चित्रपटगृहात रोज मोकळा, असे ते विलक्षण दिवस होते.

‘हरिदास’मधील ‘मन्मथ लीलै’ हे गीत चारुकेशीत आहे. पूर्वांगात बिलावलाची प्रसन्नता आणि उत्तरांगात कोमल धैवत-निषादांची व्याकुळता, असा हा राग. त्यात कर्नाटक संगीताचे थोर रचनाकार संत त्यागराज यांची कृती पूर्वीच होती, तरी बाजारहाट करणाऱ्या माणसाच्या ओठी तो आला तो या गीतामुळे. आपल्याकडे ‘ययाति आणि देवयानी’साठी जितेंद्र अभिषेकी यांनी चारुकेशीत बांधलेले पद ज्यांनी ऐकले असेल, त्यांनी ते संपल्यावर लगेच हे जुने तामिळ गीत लावून पाहावे. एकच राग त्या तामिळ गीतात शृंगाराच्या ऐटीत मिरवतो आणि आपल्या पदात चांदण्यात विरघळतो. कोणता अधिक आवडतो याचा निर्णय मी आजवर करू शकलेलो नाही.

शिवन यांना 1971 साली मद्रासच्या संगीत अकादमीने ‘संगीत कलानिधी’ ही पदवी दिली, पुढल्या वर्षी पद्मभूषण मिळाले आणि 1 ऑक्टोबर 1973 रोजी त्यांचे देहावसान झाले. लोक त्यांना ‘तामिळ त्यागराज’ म्हणत. त्यांची बिरुदे पुष्कळ आहेत. परंतु मला त्यांचे चित्र दिसते ते मद्रासमधील मैलापूरच्या कपालीश्वर मंदिराभोवतीच्या रस्त्यांवर. आपल्या मार्गशीर्षाशी नाते सांगणाऱ्या मार्गळि महिन्यात, झुंजुरके असताना, ते वर्षानुवर्षे भजनाची दिंडी घेऊन या चार रस्त्यांनी फिरत. अजूनही त्या पहाटे तेथे भजनी मंडळी निघतात, दारापुढे नुकत्याच काढलेल्या कोलमच्या रांगोळीला पाय न लावता बाजूने जातात, आणि त्यांच्या तोंडी पापनाशमच्या त्या माणसाचीच गाणी असतात.