लहान मुलांचा तोल व त्यांचें शिक्षण

वऱ्हाडांत चैत्र संपत आला कीं अकोला-अमरावतीकडे पारा ४५ अंशांकडे धांव घेऊं लागतो. सकाळीं दहानंतर मूल अंगणांत सोडण्याची सोय राहत नाहीं. मग तीन-चार वर्षांचें मूल घरांतच बाजेवरून उडी मारतें, उंबऱ्यावर एका पायानें उभें राहतें, खांबाभोंवतीं गरगर फिरतें. आणि मोठीं माणसें त्यास 'स्वस्थ बैस' म्हणून दटावतात. बालवाडींतहि बहुधा हाच मंत्र: हाताची घडी, तोंडावर बोट. या आज्ञेनें खोली शांत होते हें खरें. परंतु त्या शांततेंत मुलाचें शिकणें कितपत चालतें, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे.

मनुष्याचा तोल तीन ठिकाणांहून सांभाळला जातो. डोळे सभोंवारचें चित्र पुरवितात. हातपाय कोठें आहेत ही वार्ता स्नायु व सांधे मेंदूस देतात. तिसरें ठिकाण आंतल्या कानाचें. तेथें तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असून त्यांत द्रव भरलेला असतो. डोकें वळलें कीं तो द्रव किंचित् मागें रेंगाळतो, आणि तेथील सूक्ष्म केसांस त्याचा दाब कळतो. गिरकी घेऊन थांबलेल्या मुलास घर फिरतेंसें वाटतें तें याचमुळें. पाय थांबले, पण द्रव थांबलेला नसतो. या तिन्ही वार्तांचा मेळ घालण्यास मेंदूला अनेक वर्षें लागतात, आणि तो मेळ हालचालींवांचून बसत नाहीं. साधारणतः चार वर्षांचें मूल एका पायावर दोनएक सेकंद उभें राहूं शकतें. पांचव्या वर्षीं तें दहा सेकंदांपर्यंत पोंचतें.

याचा पाटीशीं संबंध काय? ज्या मुलाचें धड स्थिर नाहीं तें बसतांना एक हात जमिनीस टेकतें, कुशीवर कलतें, पाटीवर डोकें ठेवतें. त्याचें बरेंचसें अवधान केवळ न पडण्यांत खर्च होतें. खांदा स्थिर झाल्यावांचून मनगट मोकळें होत नाहीं, आणि मनगट मोकळें नसतां बोटांनीं अक्षराचें वळण घ्यावें ही अपेक्षाच अवेळींची. अशा मुलास गुरुजी 'आळशी' म्हणतात; अडीच वर्षांच्या मुलाच्या हातीं पेन्सिल देणारे पालक 'मागें पडलें' म्हणतात. दोन्ही शिक्के अन्यायाचे आहेत, आणि ते एकदां बसले म्हणजे पुसतां पुसत नाहींत.

रोम येथें १९०७ सालीं पहिलें बालगृह उघडणाऱ्या डॉ. मारिया माँटेसोरी यांनीं ही गोष्ट ओळखली होती. त्यांच्या पद्धतींत जमिनीवर आंखलेल्या रेघेवरून चालणें हा एक नित्यपाठ आहे. मराठी मुलांसाठीं ज्यांनीं या विचाराचा प्रसार केला त्या ताराबाई मोडक यांचा विवाहानंतरचा कांहीं काळ अमरावतींत गेला. पुढें भावनगरास गिजुभाई बधेका यांच्याबरोबर त्यांनीं हें कार्य पत्करलें, आणि १९४५ सालीं बोर्डीस खेड्यांतल्या मुलांसाठीं केंद्र काढलें. परदेशी साधनें महाग; तेव्हां जवळपास सांपडेल त्यावर भागवावें, हा त्यांचा आग्रह. रेघेला तर एक खडू पुरतो.

दहा-बारा फुटांची खोली पुरे. फरशीवर दोन-तीन बोटें रुंद अशी लांबट वर्तुळाकार रेघ ओढावी. ती कोठेंच संपत नसल्यानें मुलें थबकत नाहींत, आणि टोंकाशीं धक्काबुक्की होत नाहीं. पहिले कांहीं दिवस नुसतें रेघेवर चालणें. मग एका पायाची टांच दुसऱ्याच्या अंगठ्यास लावून चालणें. तें साधल्यावर पाण्यानें भरलेला पेला हातीं द्यावा, न सांडतां न्यावयास. नंतर लहानशी घंटा, वाजूं न देतां न्यावयास. घंटा हें मोठें खुबीचें साधन आहे. चूक झाली कीं ती स्वतःच बोलते, शिक्षकास बोलावें लागत नाहीं. पुढें जमिनीवर एक ते दहा अंक ओळीनें लिहावेत आणि 'चारावरून तीन उड्या' असें सांगावें. मूल सातावर जाऊन उभें राहतें, आणि बेरीज त्याच्या पायांत उतरते.

अमरावतीस शरीरशिक्षण नवें नाहीं. वैद्य बंधूंनीं १९१४ सालीं स्थापिलेल्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकानें १९३६ मध्यें बर्लिन ऑलिंपिकच्या वेळीं देशी खेळांचीं प्रात्यक्षिकें केलीं. तरी व्यायाम हा थोरांचा व आखाड्याचा विषय, हा समज समाजांत राहिलाच. चार वर्षांच्या मुलीची फुगडी कोणी व्यायामांत धरिली नाहीं.

उलट बाजूची अतिशयोक्तीहि टाळावयास हवी. अमुक हालचाली केल्या कीं मूल झरझर वाचूं लागेल, असें आश्वासन देणाऱ्यांच्या पदरीं भक्कम पुरावा नाहीं. तोल सुधारला म्हणून 'क' ओळखतां येत नाहीं; तो शिकवावाच लागतो. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१९ सालीं तीन-चार वर्षांच्या मुलांसाठीं दिवसाकांठीं निदान १८० मिनिटें हालचाल सांगितली आहे. पैकीं ६० मिनिटें चांगली दमवणारी. पडद्यासमोर बसणें एका तासाहून अधिक नसावें. तीन तास ऐकून मोबाईलवर दुपार निभावणारें घर दचकेल. पण ते एकदम द्यावयाचे नाहींत, दहा-दहा मिनिटांनीं भरून निघतात.

रेघेवर मुलें अनवाणी चालावींत. फरशी ओली नसावी, आणि पेल्यांतलें पाणी सांडलें तर पुसण्याचें फडकें मुलाच्याच हातीं द्यावें. ज्याचा कान वारंवार फुटतो, जें चालतांना नेहमीं एकाच बाजूस कलतें, किंवा ज्याचें आलेलें चालणें पुन्हा बिघडूं लागलें आहे, अशा मुलास मात्र आधीं डॉक्टरांस दाखवावें.