टॅबलेटची पारख

कुंभाराकडून मडके घेताना आपल्याकडील गृहिणी ते बोटांनी वाजवून पाहते. खणखणीत आवाज आला तर मडके पक्के. बद्द आवाज आला तर त्याला कोठेतरी तडा गेलेला आहे, हे ती ओळखते. धान्य घेताना मूठभर दाणे तळहातावर पसरून पाहणे, कापड घेताना त्याचा पोत बोटांनी चाचपून पाहणे, ही अशीच परीक्षा होय. हे शहाणपण पिढ्यान्‌पिढ्यांच्या व्यवहारातून आलेले आहे. परंतु जी वस्तू आपल्या घरात नव्यानेच येऊ लागली, तिची पारख करण्याची रीत वाडवडिलांकडून मिळत नाही. ती आपली आपण शिकावी लागते. टॅबलेट ही अशीच एक नवी वस्तू आहे.

टॅबलेट या इंग्रजी शब्दाचा जुना अर्थ लिहिण्याची पाटी असा आहे. लाकडी चौकटीतील दगडी पाटी जशी मांडीवर घेऊन वापरीत, तसेच हे यंत्रही हातात किंवा मांडीवर धरून वापरतात. या प्रकारची यंत्रे पूर्वीही काही कंपन्यांनी केली होती. परंतु २७ जानेवारी २०१० रोजी अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को येथे स्टीव्ह जॉब्ज यांनी ॲपल कंपनीचा आयपॅड लोकांपुढे ठेवला, तेव्हापासून टॅबलेट घरोघरी पोहोचू लागला. आज अनेक कंपन्या टॅबलेट तयार करतात व त्यांच्या किमतींत फार मोठे अंतर असते. कोणी तो चित्रे काढण्यासाठी घेतात, कोणी खेळांसाठी, कोणी चित्रपट पाहण्यासाठी. तथापि पुष्कळ कुटुंबांची गरज साधी असते. इंटरनेटवरील पाने वाचावीत, शाळेच्या अभ्यासाची माहिती शोधावी, बातम्या पाहाव्यात, शासकीय कार्यालयाचा एखादा अर्ज घरबसल्या भरावा, एवढेच त्यांना हवे असते. अशा कुटुंबाने टॅबलेट कसा निवडावा, याचा विचार आपण करू.

हा विचार करणे अगत्याचे आहे. युरोपातील ‘सर्न’ या संशोधनसंस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये ज्या ‘वर्ल्ड वाइड वेब’ची कल्पना मांडली, ते माहितीचे जाळे त्या संस्थेने ३० एप्रिल १९९३ रोजी सर्व जगाला विनामूल्य खुले करून दिले. ज्ञानाचे हे दार उघडे आहे. परंतु त्या दारापर्यंत पोहोचण्याचे साधन मात्र विकत घ्यावे लागते. काटकसर करून साठविलेल्या पैशांतून घेतलेले हे साधन दोन वर्षांतच कपाटात पडून राहिले, तर पैसा तर जातोच, शिवाय घरातील मुलांचा अभ्यासही अडतो.

प्रथम इंटरनेटवरील पान आपल्यासमोर येते कसे, हे समजून घेऊ. पुष्कळांची अशी समजूत असते की, ते पान दूरच्या एखाद्या संगणकावर जसेच्या तसे तयार असते आणि छापील कागदाप्रमाणे आपल्याकडे येते. वस्तुस्थिती तशी नाही. दूरच्या संगणकाकडून येते ती सामग्री व कृती: मजकूर, चित्रे, आणि त्यांची मांडणी कशी करावी याच्या सूचना. शिधा व पाककृती बाहेरून यावी आणि स्वयंपाक मात्र आपल्याच चुलीवर व्हावा, तसा हा प्रकार आहे. हा स्वयंपाक करणाऱ्या प्रणालीला ब्राउझर म्हणतात. तो सूचना वाचतो, मजकूर व चित्रे जागच्या जागी बसवितो आणि पान पडद्यावर उमटवितो. यावरून हे ध्यानात येईल की, इंटरनेटची जोडणी कितीही वेगवान असली, तरी यंत्र दुबळे असेल तर पान उशिराच उघडणार.

या कामात यंत्राचे दोन भाग महत्त्वाचे असतात. एक प्रोसेसर, म्हणजे काम करणारा. आणि दुसरा रॅम, म्हणजे काम चालू असताना सामान मांडून ठेवण्याची जागा. आपण एकाच वेळी पाच-सहा पाने उघडतो, तेव्हा प्रत्येक पान रॅममधील काही जागा अडविते. जागा संपली की यंत्र आधीचे एखादे पान टाकून देते. आपण त्या पानाकडे परत वळलो म्हणजे ते पुन्हा पहिल्यापासून मागवावे लागते. त्यात वेळ जातो, डेटाही पुन्हा खर्च होतो, आणि अर्धवट भरलेला अर्ज पुसला जाण्याचा संभव असतो. आज केवळ वाचनासाठी टॅबलेट घ्यावयाचा झाला, तरी रॅम ४ जीबीपेक्षा कमी नसावी, हे बरे.

रॅम आणि पडदा यांचे महत्त्व आपल्याच देशातील एका प्रयोगावरून दिसून येते. विद्यार्थ्यांना अल्प किमतीत टॅबलेट मिळावा, या स्तुत्य हेतूने भारत सरकारने ५ ऑक्टोबर २०११ रोजी नवी दिल्ली येथे ‘आकाश’ हा टॅबलेट सादर केला. त्याचा पडदा सात इंचांचा होता व तो बोटाच्या दाबाने चालत असे. रॅम २५६ एमबी, म्हणजे १ जीबीचा चौथा हिस्सा होती. पुढील वर्षीच, ११ नोव्हेंबर २०१२ रोजी, त्याची सुधारलेली आवृत्ती आली. तिच्या कामात मुंबईच्या पवई येथील आयआयटीचा वाटा होता. या आवृत्तीत रॅम दुप्पट करण्यात आली व दाबाच्या पडद्याऐवजी बोटाच्या नुसत्या स्पर्शाने चालणारा पडदा बसविण्यात आला. आपल्या शरीरातून वीज वाहू शकते. त्यामुळे बोट टेकताच पडद्यावरील सूक्ष्म विद्युत्‌भारात फरक पडतो आणि यंत्राला स्पर्शाची जागा कळते. अल्प किंमत हा गुण खरा. परंतु काम सुलभ होण्यासाठी किमान साधने लागतातच, हे या सुधारणेवरून स्पष्ट होते.

आता पडद्याचा विचार करू. पडद्याचे माप कर्णाने सांगतात. दहा इंची पडदा म्हणजे ज्याचा कर्ण दहा इंच आहे असा पडदा. येथे एक गोष्ट सहज नजरेआड होते. सात आणि दहा यांत फरक तीनचाच दिसतो. परंतु पडद्याचा आकार तोच राहिला, तर क्षेत्रफळ कर्णाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. सातचा वर्ग ४९ व दहाचा वर्ग १००. म्हणजे दहा इंची पडद्यावर सात इंची पडद्याच्या दुपटीइतका मजकूर मावतो. शिवाय लांबी-रुंदीचे प्रमाणही पाहावे. दहा इंची पडद्याच्या बाजू चारास तीन या प्रमाणात असतील, तर त्या ८ व ६ इंच भरतील आणि क्षेत्रफळ ४८ चौरस इंच होईल. तोच कर्ण ठेवून पडदा चिंचोळा, म्हणजे सोळास दहा या प्रमाणात केला, तर क्षेत्रफळ सुमारे ४५ चौरस इंचच उरते. चिंचोळा पडदा चित्रपटाला सोयीचा असतो. उभा धरून वाचावयाच्या पानाला मात्र थोडा रुंद पडदा अधिक सोयीचा.

मराठी वाचकाने याहून एक गोष्ट अधिक पाहावी. पडद्यावरील अक्षरे बारीक ठिपक्यांनी बनलेली असतात. दहा इंची पडद्यावर आडवे १२८० व उभे ८०० ठिपके असतील, तर एका इंचात सुमारे १५० ठिपके येतात. १९२० व १२०० असतील, तर सुमारे २२५ येतात. इंग्रजी अक्षरे कमी ठिपक्यांतही बरी वाचता येतात. परंतु आपल्या लिपीतील अनुस्वार, रफार, उकार आणि जोडाक्षरे यांना बारकाव्याची गरज असते. ‘पत’ आणि ‘पंत’ यांत एका बिंदूचाच काय तो भेद. तो बिंदू पुसट दिसला की वाचकाचा डोळा थबकतो आणि तासाभरात शिणतो. म्हणून दुसऱ्या प्रकारचा पडदा थोडा महाग असला, तरी वाचणाऱ्याने तोच घ्यावा.

येथपर्यंत सांगितलेले गुण दुकानात डोळ्यांना दिसू शकतात. सर्वांत महत्त्वाचा गुण मात्र डोळ्यांना दिसत नाही. तो म्हणजे टॅबलेटचे उरलेले आयुष्य. मडके घरात आहे तसे राहते, आणि पाणीही तेच राहते. इंटरनेटचे तसे नाही. पाने लिहिण्याच्या पद्धती सुधारत जातात, चोरांच्या नव्या युक्त्या उघडकीस येतात आणि त्यांवर नवे उपाय योजावे लागतात. हे उपाय कंपनी वेळोवेळी टॅबलेटकडे पाठविते. त्यांना अपडेट म्हणतात. ज्या दिवशी ते येणे थांबते, त्या दिवसापासून यंत्र धडधाकट असूनही हळूहळू परके होत जाते. पहिल्या आयपॅडला मिळालेली शेवटची आवृत्ती २०१२ मधील आहे. म्हणजे अवघ्या दोन वर्षांत त्याची वाढ खुंटली. अँड्रॉइड ७ या प्रणालीवर चालणाऱ्या यंत्रांसाठी क्रोम या ब्राउझरच्या नव्या आवृत्त्या २०२३ मध्ये थांबल्या. इंटरनेटवरील स्थळाची ओळख खरी आहे की खोटी, हे यंत्र आपल्याजवळील काही प्रमाणपत्रांवरून ठरविते. त्यांपैकी फार मोठ्या प्रमाणावर वापरल्या जाणाऱ्या एका प्रमाणपत्राची मुदत ३० सप्टेंबर २०२१ रोजी संपली, तेव्हा ज्यांच्याजवळ नवे प्रमाणपत्र नव्हते अशा अनेक जुन्या यंत्रांना काही स्थळे उघडता येईनाशी झाली. पडद्याला चरा नव्हता, बॅटरी चांगली होती. तरी दार बंद झाले!

अद्ययावत नसलेल्या यंत्रावरून पैशांचा व्यवहार करणे हे तर कडी मोडलेल्या पेटीत दागिने ठेवण्यासारखे आहे. यास्तव, विक्रेत्याला पहिला प्रश्न विचारावा तो हाच: ‘सुरक्षेचे अपडेट कोणत्या वर्षापर्यंत मिळतील?’ काही कंपन्या आपल्या निवडक टॅबलेटांना सात वर्षांपर्यंत अपडेट देण्याचे वचन देतात, तर काही दोन-तीन वर्षांतच थांबतात. आणि हा काळ बहुधा त्या प्रकारचा टॅबलेट प्रथम बाजारात आला त्या दिवसापासून मोजतात, आपण विकत घेतला त्या दिवसापासून नव्हे. दुकानात घसघशीत सूट देऊन विकला जाणारा जुना नमुना म्हणूनच नीट पारखावा लागतो.

याचा हिशेब अगदी सोपा आहे. समजा, एक टॅबलेट १२,००० रुपयांना मिळतो आणि त्याला आणखी दोन वर्षे अपडेट मिळणार आहेत. दुसरा १८,००० रुपयांचा असून त्याची सहा वर्षे शिल्लक आहेत. पहिल्याचा खर्च दर वर्षी ६,००० रुपये पडतो, दुसऱ्याचा ३,००० रुपये. किमतीला उरलेल्या वर्षांनी भागले म्हणजे स्वस्त कोणता व महाग कोणता, ते आपोआप कळते.

पैसा कोठे वाचवावा, हेही याच विचारातून ठरते. वाचनासाठी उत्तम कॅमेऱ्याची आवश्यकता नाही. पाने इंटरनेटवरून येत असल्यामुळे साठवणीची फार मोठी जागा लागत नाही. ६४ जीबी पुरते. घरात इंटरनेट असलेला मोबाइल असेल, तर त्याच्या हॉटस्पॉटवरून टॅबलेट वाय-फायने जोडता येतो. मग सिमकार्डाच्या महाग टॅबलेटची गरज उरत नाही. बॅटरी मात्र एका भरणीत आठ-दहा तासांचे वाचन पुरवील अशी असावी, कारण वापराच्या वर्षांबरोबर तिची शक्ती कमीच होत जाते.

दुकानात गेल्यावर चार गोष्टी स्वतः करून पाहाव्यात. टॅबलेट एका हातात धरून दहा मिनिटे वाचावे. अर्धा किलो वजन प्रथम जाणवत नाही, मागाहून मनगट दुखू लागते. भरपूर चित्रे असलेले मराठी वृत्तपत्राचे पान उघडून ते वरखाली सरकवावे. पाच-सहा पाने उघडून पुन्हा पहिल्याकडे यावे. ते तत्काळ दिसले तर रॅम पुरेशी आहे, नव्याने उघडू लागले तर अपुरी. शेवटी सेटिंग्जमध्ये जाऊन प्रणालीची आवृत्ती व सुरक्षेच्या शेवटच्या अपडेटची तारीख पाहावी. दुकानदार कितीही गोड बोलला, तरी ही तारीख खोटे बोलत नाही.

जाहिराती आपणांस वस्तूत काय काय आहे ते सांगतात. आपल्याला काय हवे आहे, ते मात्र आपणच ठरवावयाचे असते. ज्याला मुख्यतः लांब लेखन करावयाचे आहे, त्याने टॅबलेटच्या मोहात न पडता कळफलक असलेला संगणक घ्यावा. आणि ज्याचे काम हातातील मोबाइलवर सुखाने भागते, त्याने काहीच न घेणे उत्तम. गरज आधी ओळखावी, मग वस्तू पारखावी आणि किंमत शेवटी पाहावी. या क्रमाने जो चालतो, त्याचा पैसा सहसा वाया जात नाही, आणि वस्तूही दीर्घकाळ त्याच्या उपयोगी पडते.